यंदा पाखरं लवकर गेली

माझ्या आजाराचं नाव मला सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते औषधांबद्दल कमी आणि याबद्दल जास्त आहे. कोणाच्या घरी आज असं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्या माणसाने हे वाचावं. त्याच्या घरच्यांनीही वाचावं.

मी तेव्हा कल्याणच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. डोंबिवलीला दादा-वहिनीकडे राहत होते. आमची आई मी लहान असतानाच, रत्नागिरीकडच्या गावी वारली, वडीलही मागोमाग गेले, आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या दादाने मला वाढवलं. तो कल्याणला रेल्वेच्या माल कचेरीत कारकून होता. डोंबिवली म्हणजे तेव्हा स्टेशनच्या आसपासची घरं, विहिरी आणि त्यापुढे थेट खाडीपर्यंत भातखाचरं. ठाकुर्लीच्या वीजघराचा धूर आमच्या ओसरीवरून दिसायचा.

दादाला पाखरांचं वेड होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याण कॅम्पातलं लष्करी सामान विकायला निघालं, त्यात त्याने एक दुर्बीण घेतली. तिची एक काच थोडी धुरकट होती. दर रविवारी उजाडायच्या सुमारास आम्ही दोघं खाडीकडे निघायचो. वहिनी म्हणायची, "लोक देवळात जातात, ही दोघं चिखलात."

माघ संपला की आमचा खरा हंगाम सुरू व्हायचा. थंडीत आलेली पाखरं परतीच्या तयारीला लागायची. पिवळा धोबी सगळा हिवाळा मळकट हिंडायचा, आणि निघायच्या आधी हळद लावल्यासारखा पिवळाधमक व्हायचा. चिखलातल्या तुतवारांच्या छातीवर विटकरी रंग चढायचा. भिंगऱ्या तारेवर रांगेने बसू लागल्या की दादा म्हणायचा, "बघ, यांची गाडी भरत आली." मग एखाद्या रविवारी तार रिकामी असायची.

या बाबतीत तो फार कडक होता. मी एकदा लांबून काहीतरी पाहून उगाच मोठं नाव घेतलं. तो म्हणाला, "पाहिलंस का? शेपटीवरची पांढरी पट्टी पाहिलीस? नाही ना? मग 'कळलं नाही' म्हण. खोटं सांगायचं असेल तर घरी बसून सांग, इतकं चालायला कशाला हवं?" मला राग आला होता. पण मनात असंही आलं की हा माणूस आपल्याला कधी खोटं सांगणार नाही.

*

संक्रांतीच्या सुमारास मला रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली. खोकला आधीपासून होताच. वर्गात उभी राहून कविता म्हणताना धाप लागायची. पोलकी सैल झाली. दादा मला कल्याणच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, आणि तो हातात आल्यावर मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

दाराला अर्धा पडदा होता. पडद्याखालून मला दादाच्या चपला दिसत होत्या. तो खूप वेळ एकाच जागी उभा होता. बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता छत्री उचलली.

"काय म्हणाले?"

"छातीत थंडी बसलीय. अशक्तपणा आहे. विश्रांती घ्यायची, दूध प्यायचं."

"बस एवढंच?"

"एवढंच."

मला शंका आली नाही असं नाही. आई कशाने गेली ते मला पुसट माहीत होतं. पण दादाने 'एवढंच' म्हटलं, आणि मी ती शंका बाजूला सारली.

घरी माझं अंथरूण मागच्या पडवीत गेलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचा पेला आता हा वेगळा. ताटही." भांडी ती निराळ्या पातेल्यात उकळायची. तिची धाकटी मुलगी माझ्याकडे धावत आली की तिला उचलून आत न्यायची. वहिनी कमी बोलणारी. मला वाटलं, हिला माझी किळस येते आहे. मी मनातल्या मनात तिच्यावर रुसले आणि दादाला काही बोलले नाही, कारण नवरा-बायकोत माझ्यावरून वाद नको होता.

मग एक दिवस आमच्या मुख्याध्यापिका भेटायला आल्या. पडवीत आल्या नाहीत. अंगणातच तुळशीपाशी उभ्या राहिल्या.

"मुलींना तुमची फार आठवण येते हो," त्या म्हणाल्या. "नव्या बाई चांगल्या आहेत, पण अजून रुळल्या नाहीत."

"नव्या बाई? मी तर चैत्रात येणारच आहे."

त्या गोंधळल्या. "तुमच्या दादांनी येऊन सांगितलं, नोकरी सोडली म्हणून. मी म्हटलं रजा घ्या, पण ते म्हणाले नको. वाईट वाटलं. पण आता घाबरायचं नाही हं. क्षयाचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, नवीन सुया निघाल्यात."

हा शब्द मला असा कळला. अंगण झाडायची केरसुणी भिंतीला टेकवलेली होती, मी तिच्याकडे बघत राहिले. वहिनी दारात आली होती. ती मुख्याध्यापिकांना काहीतरी बोलून फाटकापर्यंत पोचवून आली. परत आल्यावर माझ्यापाशी उभी राहिली, ओठ हलवले, पण बोलली नाही.

दादा संध्याकाळी आला. मी विचारलं, "मला क्षय आहे?"

त्याने टोपी खुंटीला लावली. "कोणी सांगितलं?"

"तू नाही सांगितलंस."

"तुला धसका बसला असता, इंदू. आईला सांगितलं होतं. तिने ऐकलं आणि जेवण टाकलं. महिनाभरात गेली. मी बघितलंय ते."

"आणि माझी नोकरी?"

"बरी झालीस की दुसरी मिळेल." मग माझ्या उशाशी बसून म्हणाला, "यापुढे काही लपवणार नाही. शपथ." मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

*

इस्पितळ ठाण्याच्या बाहेर, येऊरच्या डोंगराच्या बाजूला होतं. नाव देत नाही. तिथल्या माणसांनी मला जगवलं, आणि ज्याबद्दल मी लिहिते आहे ते कुठेही घडू शकलं असतं.

बायकांच्या वॉर्डाला लांबलचक व्हरांडा होता आणि आमच्या खाटा तिथे, उघड्या हवेत. पहाटे थर्मामीटर, मग दूध, मग सुई. दुपारी सक्तीची विश्रांती. तेव्हा बोलायचं नाही, वाचायचं नाही, उशीवरून डोकं उचलायचं नाही. आमच्या घरात अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं, आणि इथे रोज कच्चं अंडं दुधात फेटून समोर यायचं. पहिल्या दिवशी मी ओकले. शेजारच्या खाटेवरची बाई हसली आणि म्हणाली, "डोले मीट नि गिल गो, मास्तरीनबाय. बामनाच्या देवाला दिसाचा नाय."

ती जनाबाई. खाडीकाठच्या गावातली आगरीण, घरची माणसं मिठागरावर कामाला. तिचा नवरा भेटीच्या दिवशी धोतराच्या सोग्यात सुका बोंबील लपवून आणायचा आणि ती तो चादरीखाली चघळायची. नर्सला वास यायचा, पण नर्स भली होती, कधी दुसऱ्या टोकाकडूनच परत फिरायची. जनाबाईने मला भीतीच्या दिवसांत खूप हसवलं. हसलं की खोकला यायचा, खोकला आला की नर्स रागवायची, आणि मग आम्ही पुन्हा हसायचो.

समोरच्या खाटेवरची एक मुलगी आठवड्यातच गेली. गादी उन्हात टाकली, खाट फिनेलने पुसली, आणि दुसऱ्या दिवशी तिथे नवीन बाई आली. त्या दिवशी आम्ही कोणीच हसलो नाही.

पण समोर पांगारा फुलला होता. इस्पितळाच्या कुंपणाला ओळीने पांगारे, आणि त्यांच्यावर सकाळपासून भोरड्यांचे थवे. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, भांडकुदळ. त्याही परतीच्या वाटेवरच्या. उशीवरून मान न उचलता मला तो अख्खा तमाशा दिसायचा. व्हरांड्यापुढच्या नळाच्या ओल्यात परीट नाचायचे, ते राखी-काळे, शेपटी वरखाली करणारे. वटवट्या पक्षी झुडपात 'चक् चक्' करायचा. दादा रविवारी यायचा, आणि मी त्याला आठवडाभराचं सगळं सांगायचे. दुर्बीण आणू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, हात थरथरतात. तो खाटेच्या कडेला बसून मोसंबं सोलायचा आणि ऐकायचा. त्या तासासाठी मी सहा दिवस काढायचे.

ताप उतरू लागला. वजन वाढलं. सुया लागू पडत होत्या.

*

फाल्गुनाच्या अखेरीस माझ्या कानांत बारीक किर्र असा आवाज सुरू झाला. उठून बसलं की व्हरांडा तिरपा व्हायचा. नर्सला सांगितलं, ती म्हणाली अशक्तपणा. मला वाटलं, असेल.

आणि त्याच सुमारास सकाळी शांत वाटू लागलं. कावळे होते, कोकिळ ओरडत होता, तांबटाची टुकटुक दिवसभर चालू होती. पण मधली ती बारीक किलबिल, परीट, पानांत लपलेले चिमुकले वटवटे, ती नव्हती. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. हे त्यांचे जायचेच दिवस. थोडे आधी गेले असतील.

रविवारी मी दादाला म्हटलं, "यंदा पाखरं लवकर गेली रे. सगळं सामसूम झालंय."

मोसंब्याची साल त्याच्या हातात अर्धवट राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग सालीकडे.

"हो," तो म्हणाला. "लवकरच गेली यंदा."

"खाडीवर पण?"

"खाडीवर पण काही नाही."

मी म्हटलं, उन्हाळा लवकर आला असेल. तो म्हणाला, असेल. फोड माझ्या हातात दिली. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा आधी निघाला.

दोन-तीन दिवसांनी मी खाटेवर बसून वेणी घालत होते. नळाच्या ओल्यात एक परीट आला. मला आनंद झाला, एक तरी राहिला म्हणून. तो व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आला. माझ्या पायांपासून हातभर अंतरावर. मग नळावर कोणीतरी बादली ठेवली आणि तो उडाला.

तो आवाज न करता उडाला.

ज्याने परीट पाहिलाय त्याला हे सांगायला नको. परीट बोलल्याशिवाय उडत नाही. पंख उघडले की चोच उघडते, दर हेलकाव्याला एकेक बारीक 'चिझिक'. मी हजारदा ऐकलेला आवाज. मी वेणी तशीच हातात धरून बसले. तो कुंपणावरून वळून परत आला. त्याची चोच मला स्पष्ट उघडलेली दिसली.

"जनाबाई," मी म्हटलं, "तो पक्षी ओरडला का आता?"

"आरडला नाय त काय? आवरा मोठ्यान आरडला, तुला आयकू नाय आला गो?"

"आणखी कोण ओरडतंय? झाडात?"

जनाबाईने कान दिला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. "बाय," ती हळू म्हणाली, "सगला झाडच आरडतंय."

*

डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी त्यांना थांबवलं. त्यांनी खिशातलं घड्याळ माझ्या एका कानाशी धरलं, मग दुसऱ्याशी. मी नाही म्हणून मान हलवली.

"याचा त्रास काहींना होतो," ते म्हणाले. "सुयांमुळे कानाची नस दुखावते. आपण आता सुया बंद करू, नवीन गोळ्या आल्यात, त्या देऊ. पण तुम्हाला याची कल्पना होती ना? मी तुमच्या भावाला सुरुवातीलाच सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, तिला मी सांगतो. किर्र आवाज आला की लगेच कळवायचं, हेही सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मला नाही सांगितलं."

त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. वाईट माणूस नव्हता. पण त्यांनीही मला कधी विचारलं नव्हतं. ते रोज माझ्या खाटेपाशी उभे राहायचे, आणि माझ्या कानांची गोष्ट त्यांनी कचेरीत दादाला सांगितली.

"गेलेलं परत येईल?"

"बहुतेक नाही. जे आहे ते राहील."

त्या रात्रीचं काही सांगत नाही. रडायची मनाई होती, छातीला ताण पडतो म्हणून.

रविवारी दादा आला. मोसंबी घेऊन. मी त्याला खाली बसू दिलं नाही.

"पाखरं गेली नव्हती," मी म्हटलं.

त्याला लगेच कळलं. पिशवी त्याने खाटेच्या पायापाशी ठेवली.

"इंदू, तुला सांगितलं असतं तर तू सुया घेतल्या असत्यास?"

"घेतल्या असत्या."

"आणि नसत्या घेतल्यास तर? मी काय करायचं होतं? आईसारखं परत—"

"मला विचारायचं होतं. किर्र सुरू झालं तेव्हा मला ठाऊक असतं तर मी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले असते. थोडं तरी राहिलं असतं. तुला मी सांगितलं, दादा. तोंडाने सांगितलं, सामसूम झालंय म्हणून. तेव्हा तुला कळलं होतं ना?"

त्याने वाकून पिशवीचं तोंड मिटलं.

"आणि तू म्हणालास, खाडीवर पण काही नाही."

"मी खाडीवर गेलोच नाही यंदा," तो म्हणाला. "एकदाही नाही."

जनाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला तिथे ओरडायचं होतं, पण ओरडायचं बळ छातीत नव्हतं. मी त्याला जा म्हटलं. तो गेला. पुढच्या रविवारी आला तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. त्याच्या पुढच्याही.

मरणाची भीती मी त्या वॉर्डात पाहिली, आणि ती भयंकर असते. पण आपल्या माणसाने तोंडावर खोटं सांगितलं आहे हे कळणं त्याहून वेगळं असतं. भीतीत हात धरायला माणूस लागतं, आणि मी ज्याचा हात धरला होता तो हात खोटा निघाला होता. बरं होत असताना मला रोज वाटायचं, ही माझी छाती बरी होतेय, पण ती कोणाच्या सोयीने, कोणाच्या हिशेबाने, मला ठाऊक नाही.

*

पावसाळ्यानंतर मला घरी सोडलं. जनाबाई माझ्या आधीच गेली होती, ठणठणीत होऊन, शिव्या देत. मी डोंबिवलीला गेले नाही. शाळेतल्या एका मैत्रिणीने कल्याणला तिच्या घरातली खोली दिली. मुख्याध्यापिकांनी मला खालच्या वर्गांना शिवण आणि चित्रकला दिली. डाव्या कानाने जवळजवळ काही नाही, उजव्याने माणसाचा जाड आवाज. मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की माझ्याशी समोर येऊन बोलायचं. त्यांनी ते दोन दिवसांत अंगवळणी पाडलं. मोठ्या माणसांना अजून जमत नाही.

वर्षाने तपासणीला पुन्हा त्या इस्पितळात जायचं होतं. एकटीने जाऊ नये असं डॉक्टरांनी कळवलं होतं, म्हणून दादा आला. वाटेत आम्ही दोन-चार वाक्यं बोललो असू. तपासणी चांगली झाली. मी व्हरांड्यात जरा उभी राहिले, तर माझ्या जुन्या खाटेवर एक मुलगी होती, वीसेक वर्षांची. बाजूला तिचे वडील.

"तुम्ही इथे होता?" तिने विचारलं. "बऱ्या झालात? सुयांनी?"

"सुयांनीच."

"काही त्रास होतो का हो त्यांचा?"

तिच्या वडिलांनी तिच्या पाठीमागून मला डोळ्यांनी खूण केली. सांगू नका. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. तो खांबापाशी उभा होता.

"होऊ शकतो," मी म्हटलं. "सगळ्यांना नाही. माझे कान गेले. कानात किर्र वाजलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांग. नर्सला नाही, डॉक्टरांना. आणि तू सुया घे."

वडील संतापले. "तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"तिने," मी म्हटलं.

मुलगी रडली. मग पदराने नाक पुसून मला म्हणाली, "उद्या सकाळी सुई आहे. घेते मी." वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला आज पहिल्यांदाच पाहत होते.

इस्पितळाबाहेर चहाचं दुकान होतं. टांगा येईपर्यंत आम्ही तिथे टेकलो. मी दादाच्या समोर बसले, म्हणजे त्याचे ओठ दिसतील. बराच वेळ तो बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "एक तुला माहीत नाही."

"अजून काय राहिलंय?"

"तुझी वहिनी मला रोज सांगत होती. वन्संना सांगा, वन्संना सांगा. पहिल्या दिवसापासून. तुला ॲडमिट केल्यावर सुद्धा. एकदा ती स्वतः सांगायला निघाली होती इस्पितळात. मी तिला घरातून बाहेर पडू दिलं नाही. पोरांची शपथ घातली."

 इतके महिने मी त्या बाईवर रुसून होते. पडवीत ती माझ्यापाशी उभी राहायची, तेव्हा तिच्या घशात काय अडकलं होतं ते मला आत्ता, या चहाच्या दुकानात कळत होतं. मला दादाचा पुन्हा नव्याने राग आला. त्याने माझ्याकडून कान घेतले असं मी म्हणत नाही, ते सुयांनी नेले. पण वहिनी त्याने माझ्याकडून घेतली होती, आणि ती मला परत हवी होती.

त्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. सकाळीच. दादा घरी नव्हता, दुर्बीण घेऊन खाडीकडे गेला होता. बरंच झालं. मी त्याच्यासाठी आले नव्हते.

वहिनी स्वयंपाकघरात होती. मला बघून उठली. तिला बोलताना पदराचं टोक तोंडाशी धरायची सवय, आणि आवाज मुळातच बारीक. तिने काहीतरी विचारलं. मी कानाला हात लावून मान हलवली.

ती थांबली. मग पदर खाली सोडला, चुलीपुढचा पाट ओढून माझ्यासमोर बसली, आणि माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून, सगळं पहिल्यापासून सांगू लागली.